कॅथलिक शाळेतल्या प्राथमिक वर्गाचा आठवडा: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यातल्या एका कॅथलिक शाळेच्या प्राथमिक विभागात शिकवते. पालकसभेत, शाळा सुटताना फाटकापाशी, शाळेच्या डायरीतल्या चिठ्ठ्यांत आणि रात्री उशिरा फोनवर जे प्रश्न वर्षानुवर्षं येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथले मराठी बोलणारे पालक डोळ्यांसमोर आहेत. त्यांतले बरेचसे कॅथलिक नाहीत, आणि पुष्कळांचं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं आहे. उत्तरं पहिली ते चौथीच्या वर्गांना धरून आहेत आणि नियम राज्य मंडळाच्या शाळांचे आहेत. तुमची शाळा आयसीएसईची असेल तर पुस्तकं आणि गुणांची पद्धत वेगळी असेल, बाकी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

१. शुक्रवारी येणारं आठवड्याचं पत्रक नेमकं कशासाठी असतं?

त्या आठवड्यात वर्गात काय झालं आणि सोमवारपासून काय होणार, हे घरी कळावं म्हणून. काही शाळा ते कॅलेंडरमध्ये चिकटवतात (आपल्याकडच्या कॉन्व्हेंटमध्ये शाळेच्या डायरीला कॅलेंडर म्हणतात, नव्या पालकांचा इथे हमखास गोंधळ होतो), काही अॅपवर टाकतात, काही वर्गाच्या वॉट्सअॅप ग्रुपवर. दुसरीच्या पत्रकात साधारण असं असतं: इंग्रजीत दोन नवे उच्चार, गणितात दोन अंकी वजाबाकी, मराठीत जोडाक्षरं, मूल्यशिक्षणात हरवलेल्या मेंढराची गोष्ट, आणि सोमवारी येताना एक हिरवं व एक वाळलेलं पान आणणे.

पुष्कळ घरांत शनिवारी सकाळी मुलाला समोर बसवून पत्रकातल्या प्रत्येक ओळीची उजळणी घेतली जाते. कृपा करून तसं करू नका. एक ओळ निवडा आणि मुलाला म्हणा, "हे मला करून दाखव." त्यातली एक गोष्ट जरी मुलाने तुम्हाला स्वतःच्या शब्दांत, मराठीत समजावून सांगितली, तरी तो आठवडा नीट गेला असं मी मानते.

२. मुलांचा शाळेतला दिवस कसा जातो?

सुरुवात असेंब्लीने होते. त्यात प्रार्थना, राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत आणि संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन असतं. मग अर्ध्या-पाऊण तासाचे पिरियड, मध्ये एक छोटी आणि एक मोठी सुट्टी. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे, म्हणजे सरासरी रोज चार तास. अल्पसंख्याकांच्या, म्हणजे कॅथलिकांच्याही, शाळांना हा कायदा लागू नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पण तासांचा हिशेब साधारण याच्याच आसपास असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने सांगितलं. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांना हे अवघड जातं, म्हणून तुमच्या शाळेची वेळ ऑफिसमध्येच विचारा.

३. दर आठवड्याला कोणत्या विषयाला जास्त वेळ मिळतो?

पहिली-दुसरीत भाषा आणि गणित यांना. उरलेला वेळ चित्रकला, गाणी, हस्तकला, पीटी आणि मूल्यशिक्षण यांत जातो. तिसरीपासून परिसर अभ्यास स्वतंत्र विषय म्हणून येतो आणि इथे ठाणे-नवी मुंबईची मुलं खरोखर नशीबवान आहेत. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला आली. वाहतुकीच्या धड्यात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा "आपल्या ठाण्याला?" म्हणून पुढे सरसावतात. पाणी शिकवताना मासुंदा तलाव हाताशी आहे. पक्षी शिकवताना ठाणे खाडीतले फ्लेमिंगो आहेत, आणि ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तिसरी-चौथीच्या सहलीसाठी मला सगळ्यात आवडतं. पत्रकात "खाडी" किंवा "पक्षी" असा शब्द दिसला तर त्या रविवारी मुलाला खाडीपुलावरून जाताना खिडकीपाशी बसवा. एवढं पुरतं.

४. कॉन्व्हेंटमध्ये शिवाजी महाराज शिकवतात का?

होय. राज्य मंडळाचं चौथीचं इतिहासाचं पुस्तक शिवछत्रपतींवरच आहे आणि ते सगळ्या माध्यमांना आहे. दिवाळीच्या सुट्टीत बिल्डिंगखाली केलेल्या किल्ल्याचे फोटो मुलं वर्गात आणतात, तेव्हा तट, बुरूज, माची हे शब्द आम्हाला फळ्यावर समजावत बसावं लागत नाही.

५. वेळापत्रकात कॅटेकिझम आणि व्हॅल्यू एज्युकेशन असे दोन विषय एकाच पिरियडला दिसतात. फरक काय?

कॅटेकिझम म्हणजे कॅथलिक मुलांचं धर्मशिक्षण: प्रार्थना, बायबलमधल्या गोष्टी, बाप्तिस्म्यासारखे संस्कार, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), संतांची चरित्रं. त्याच वेळी बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात, ज्याला जुने पालक अजून मॉरल सायन्स म्हणतात. वर्ग दोन होतात, पण आठवड्याचा विषय पुष्कळदा एकच असतो.

एक उदाहरण सांगते. विषय होता शेजारधर्म. वाटेत लुटलेला, जखमी माणूस पडला आहे. त्याच्याच धर्माचे दोन प्रतिष्ठित लोक बघून पलीकडून निघून जातात, आणि ज्याला तिथले लोक परका मानतात तो थांबतो, जखमा बांधतो, सरायीत नेऊन खर्चाचे पैसे भरतो. ही येशूने सांगितलेली गोष्ट. धर्मशिक्षणात ती शुभवर्तमानातून (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातून) वाचली जाते आणि प्रार्थनेपाशी संपते. मूल्यशिक्षणात ती गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि मग मुलं बोलतात. एका मुलीने विचारलं, "पण टीचर, त्या पहिल्या दोघांना उशीर होत असेल तर?" त्यावर वर्ग बराच वेळ भांडला. स्टेशनवर कुणी पडलं तर आपण काय करतो, आई काय करते, लोकल सुटली तर काय, इथपर्यंत मुलं पोहोचली. मला त्या पिरियडमधून याहून जास्त काही नको असतं.

मूल्यशिक्षणाला लेखी परीक्षा असलीच तर छोटी असते. तिची तयारी पाठांतराने करून घेऊ नका.

६. आम्ही हिंदू आहोत. आमच्या मुलाला ख्रिस्ती प्रार्थना म्हणावीच लागते का?

नाही. मुस्लिम, बौद्ध, जैन पालकही हेच विचारतात आणि उत्तर सगळ्यांना एकच आहे. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं, त्यामुळे शाळेचं वातावरण कॅथलिक असणं स्वाभाविक आहे. पण कलम २८(३) सांगतं की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. मूल कायद्याने सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, सगळ्या धर्मांचा मान ठेवावा आणि असेंब्लीत उद्देशिका वाचावी.

प्रत्यक्षात काय होतं? इतर मुलं हात जोडून किंवा नुसतीच शांत उभी राहतात. सणाच्या दिवशीची मिस्सा कॅथलिक मुलांसाठी असते, बाकीच्यांना वर्गात काहीतरी काम दिलेलं असतं. पहिलीतली मुलं मैत्रिणीचं बघून क्रूसाची खूण करायला लागतात, घरी जेवायच्या आधीही करतात. ते बघून आजी घाबरतात. या वयात मुलं शेजारच्या मुलाची खोकायची ढबसुद्धा उचलतात. रागावू नका आणि त्याचा फार मोठा विषय करू नका.

मुलाने प्रार्थनेत अजिबात भाग घेऊ नये असं वाटत असेल तर जूनमध्येच मुख्याध्यापकांना पत्र द्या. मराठीत लिहिलेलं चालतं. आणि त्या वेळी मुलाने काय करायचं, उभं राहायचं की वर्गात बसायचं, हे त्यालाही सांगा. नाहीतर रोज सकाळी ते एकटंच गोंधळून उभं राहतं. उलट मागणीही येते: मुलाला कॅटेकिझमलाच बसायचं आहे, कारण जवळचा मित्र तिथे आहे. अशा वेळी आम्ही पालकांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

७. वर्गातल्या प्रार्थनेच्या टेबलावरचं कापड सारखं का बदलतं?

चर्चच्या उपासनेच्या वर्षाप्रमाणे. आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळ, म्हणजे नाताळाच्या आणि ईस्टरच्या आधीचे आठवडे, तेव्हा जांभळं. नाताळ आणि ईस्टरला पांढरं. पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) आणि श्रद्धेसाठी जीव दिलेल्या संतांच्या दिवशी लाल. बाकीचा बराचसा काळ हिरवं. डिसेंबरमध्ये हिरव्या पानांच्या वेढ्यात चार मेणबत्त्या ठेवतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर आठवड्याला एक वाढवत पेटवतात. गुलाबी तिसऱ्या आठवड्याची. पहिलीच्या मुलांना "नाताळला किती आठवडे राहिले" हे मोजायला यापेक्षा चांगलं साधन मला सापडलेलं नाही, आणि वजाबाकी त्यातच होऊन जाते.

८. घरी कुणालाच इंग्रजी नीट येत नाही. मूल मागे पडेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा आवाज खाली करून. म्हणून मोठ्याने उत्तर देते: नाही. घरी भरपूर, नीट, मोकळं मराठी बोललं जात असेल तर अजिबात नाही.

सहा वर्षांच्या मुलाला "आधी-नंतर", "निम्मं", "बुडणं-तरंगणं", "कारण" या कल्पना मराठीत पक्क्या कळलेल्या असल्या तर वर्गात त्याला फक्त नवे शब्द शिकायचे असतात. कल्पनाच कळलेली नसेल तर इंग्रजी शब्द पाठ होतो आणि पोकळ राहतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं सांगतं, ते याच विचारातून. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आम्हाला तेवढं करता येत नाही. घरी तुम्हाला येतं.

मला काळजी वाटते ती "बेटा, वॉटर पी, मग शूज काढ, हरी अप" अशा बोलण्याची. त्यात मुलाला ना पूर्ण मराठी वाक्य मिळतं ना इंग्रजी. त्यापेक्षा बाजारातून येताना भाव, वजन, कोणती भाजी कशी निवडायची, हे सगळं मराठीत बोला. रात्री गोष्ट सांगा आणि मधेच थांबून विचारा, "आता काय होईल?" इंग्रजी वाचनासाठी रोज दहा मिनिटं मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि तुम्ही बोट फिरवत शेजारी बसा. चूक झाली तर दुरुस्त करायची गरज नाही, ते आमचं काम आहे. मूल अडलं तर त्या अक्षराचा आवाज त्यालाच विचारा. फोनिक्समुळे (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवायची पद्धत) त्याला तो तुमच्यापेक्षा चांगला येत असतो, आणि आई-बाबांना काहीतरी शिकवायला मिळालं की मूल फुलतं.

पालकसभेत मराठीत बोला. आम्हाला कळतं.

९. मराठी आठवड्यातून किती असते? आणि हिंदीचं पुढे काय झालं?

मराठी सक्तीची आहे. राज्याचा २०२० चा कायदा सगळ्या मंडळांच्या शाळांना लागू आहे आणि त्याचं उल्लंघन केल्यास शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तासिका शाळेप्रमाणे बदलतात, तुमच्या मुलाच्या वेळापत्रकात मोजून बघा. हिंदी पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून आणायचे शासन निर्णय एप्रिल आणि जून २०२५ मध्ये निघाले आणि २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले.

घरी मराठी बोलणारं मूल मराठीच्या पेपरात अडखळतं, कारण त्याचा लिहिण्याचा सराव कमी पडतो. वाणसामानाची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. "साबुदाणा" आणि "शेंगदाणे" बरोबर आले की पुढचं सोपं आहे.

१०. शाळेतली वजाबाकी आजोबांच्या वजाबाकीपेक्षा वेगळी आहे. कोणाचं बरोबर?

दोघांचं. ४२ वजा १७ घेऊ.

वर्गात आम्ही काड्यांचे गठ्ठे करतो. ४२ म्हणजे दहादहाच्या काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एका गठ्ठ्याचं रबर सोडायचं. आता तीन गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सात गेले, पाच. तीनातून एक गेला, दोन. उत्तर २५. वहीत मूल ४ वर काट मारून ३ लिहितं, ती काट म्हणजे ते सोडलेलं रबर.

आजोबा म्हणतात: दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक. तो हातचा खालच्या एकात मिळवला, दोन झाले. चारातून दोन गेले, दोन. उत्तर २५. त्यांनी वरच्या संख्येत दहा वाढवले आणि खालच्या संख्येतही दहाच वाढवले, म्हणून फरक तोच राहिला. पद्धत पूर्णपणे बरोबर आहे आणि झटपट आहे.

गडबड होते ती दोन्ही पद्धती एकाच गणितात आल्या की. मूल वर ४ चे ३ करतं आणि खाली १ चे २ सुद्धा करतं, मग तीनातून दोन गेले एक, आणि उत्तर येतं १५. मुलाच्या वहीत उत्तरं नेमकी दहाने कमी येत असली तर समजा की घरी आणि शाळेत दोन वेगवेगळ्या पद्धती चालू आहेत. निष्काळजीपणा म्हणून ओरडू नका. माझी विनंती अशी असते की शाळेची पद्धत पक्की होईपर्यंत, साधारण दिवाळीपर्यंत, आजोबांनी दम धरावा. नंतर जरूर शिकवावी आणि "दोन्हीचं उत्तर एकच का येतं?" हा प्रश्न मुलासमोर टाकावा. तिसरीतल्या मुलासाठी हा अख्ख्या आठवड्याचा खुराक आहे.

११. मुलगी ऐकून ५२ लिहिते, आम्ही पंचवीस म्हणत असताना. काही दोष आहे का?

पहिली-दुसरीत हे अगदी नेहमीचं आहे. "पंचवीस" म्हणताना पाच आधी ऐकू येतो, "ट्वेंटी फाइव्ह"मध्ये वीस आधी. दिवसभर दोन्ही ऐकणारं मूल कानाला आधी पडलेला अंक आधी लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. घरी दोन्ही जोडून म्हणा: "पंचवीस, वीस आणि पाच." एकोणतीस, एकोणचाळीस यांना जास्त वेळ लागतो, घाई करू नका. तिसरीच्या मध्यावरही अंक आणि अक्षरं सारखी उलटी येत असली, वाचनही अडत असलं, तर मात्र क्लासटीचरशी बोला आणि तपासणी करून घ्या.

१२. गृहपाठ इतका कमी का देतात? दप्तर मात्र जड असतं.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा, आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असं आहे. मला स्वतःला हे पटतं. ज्या मुलांना घरी लिखाणाचा भडिमार असतो त्यांचा हात सोमवारी सकाळी थकलेला दिसतो, अक्षर बिघडलेलं असतं.

दप्तर जड असेल तर रविवारी सगळं बाहेर काढून बघा. मागच्या महिन्याच्या वर्कशीट, दोन पाण्याच्या बाटल्या, रंगाचा मोठा डबा आणि नसलेल्या पिरियडची पुस्तकं निघतात. तरीही वजन कमी होत नसेल तर शाळेला सांगा, वह्या वर्गात ठेवून घेता येतात.

१३. मोठी परीक्षा नाही, मग ग्रेड कुठून येते?

आठवड्यातून. राज्यात २०१० पासून असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिक भाग ७० टक्के आणि सत्राच्या शेवटचा संकलित भाग ३० टक्के आहे. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. म्हणजे परीक्षेच्या आधी क्लास लावून फारसं काही मिळत नाही, आणि मंगळवारी वर्गात पानं मांडून केलेली वर्गवारी खरोखर मोजली जाते. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून नवा आहे आणि पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने बदलतील, तेव्हा दर जूनला शाळेकडून ताजी पद्धत समजून घ्या.

१४. "आज काय केलं?" विचारलं की "काही नाही" म्हणतं. काय करू?

प्रश्न बदला. पत्रकातला एक शब्द घ्या (प्रश्न १) आणि बारीक विचारा: "गठ्ठ्याचं रबर कुणी सोडलं?", "आज कोण रडलं?", "गोष्टीतल्या मेंढराचं काय झालं?" आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर विचारू नका. आधी खाऊ द्या. व्हॅनमध्ये तासभर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून आलेलं मूल असतं ते.

१५. मूल आठवडाभर आजारी होतं. काय काय भरून काढायचं?

गणितातली नवी पायरी आणि इंग्रजीतले नवे उच्चार, एवढंच. कारण पुढचा आठवडा त्यांच्यावर उभा असतो. बाकीच्या वह्या मित्राच्या वहीवरून रात्री जागून उतरवायची गरज नाही. अनेक घरांत आईच ते लिहून टाकते आणि अक्षरावरून आम्हाला लगेच कळतं. कॅलेंडरमध्ये दोन ओळी लिहा, टीचर मधल्या सुट्टीत बसवून करून घेतील.

१६. आम्ही कॅथलिक आहोत. शाळेतल्या कॅटेकिझमवर पहिला ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) मिळतो का?

तो निर्णय धर्मग्रामाचा, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चचा, असतो, शाळेचा नसतो. मूल समजत्या वयाचं, साधारण सात वर्षांचं, झाल्यावर हा संस्कार घेता येतो. आपल्याकडे तयारी बहुधा तिसरी-चौथीच्या सुमारास होते आणि त्याआधी पहिलं कन्फेशन (फादरांपुढे चुकांची कबुली) असतं. शाळेतले तास उपयोगी पडतात, तरी चर्चमधल्या रविवारच्या वर्गाची हजेरी वेगळी धरली जाते. नुकतेच ठाण्याहून नवी मुंबईत राहायला गेला असाल तर बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन नव्या चर्चमध्ये आधी नाव नोंदवा. पुष्कळ कुटुंबं हे विसरतात आणि मुलाचं वर्ष जातं. मूल दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल तर रविवारचा वर्ग हाच मार्ग.

शाळेत प्रार्थना इंग्रजीत पाठ होतात. आजी-आजोबांच्या मराठीतल्या प्रार्थना मुलाला घरी जरूर शिकवा. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठी कॅथलिक, घरांतून त्या हळूहळू कमी होत चालल्या आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

१७. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत डब्यात अंडं, चिकन चालेल का?

राखेचा बुधवार (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि त्या काळातले शुक्रवार मांस वर्ज्य असतं, पण चर्चचा हा नियम चौदा वर्षं पूर्ण झालेल्या कॅथलिकांना बांधील आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलावर तो नाही, इतर धर्मांच्या मुलांवर तर नाहीच. अंडी आणि मासे त्या नियमात येतही नाहीत. काही कॅथलिक घरं आपणहून पूर्ण चाळीस दिवस शाकाहारी राहतात. शाळेने शुक्रवारी शाकाहारी डबा आणायची विनंती केली असेल तर ती मानावी, एवढंच. श्रावणात डब्यांची अदलाबदल कमी होते, तसंच हे.

१८. गणपती, राखी, मेंदी, टिकली यांचं काय?

युनिफॉर्मचे नियम प्रत्येक शाळेचे वेगळे आहेत आणि ते कॅलेंडरच्या पहिल्या पानांत छापलेले असतात. बऱ्याच ठिकाणी टिकली चालते, राखी एक-दोन दिवस चालते, मेंदीबद्दल मात्र मतं कडक असतात. माझं मत: लग्नकार्यात लागलेली मेंदी दोन आठवड्यांत जाते, त्यासाठी सात वर्षांच्या मुलीला वर्गासमोर उभं करणं चूक आहे. असं झालं तर मुलीला समजवण्याआधी शाळेत येऊन बोला. गणपतीत गावी जाणार असाल तर सुट्टीचा अर्ज आधी द्या. त्या आठवड्याचं काय भरून काढायचं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१९. मुलगा विचारतो, "येशू खरा देव की गणपती?" काय सांगायचं?

वर्गातही हा प्रश्न येतो, साधारण दुसरीच्या सुमारास, आणि विचारणारं मूल मनापासून विचारत असतं. मी सांगते: "या शाळेत आम्ही येशूला प्रार्थना करतो. तुझ्या घरी तुझे आई-बाबा ज्या देवाला प्रार्थना करतात, त्याला तू मनापासून कर. आणि हा प्रश्न आज घरी विचार." मी स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहे आणि हे उत्तर देताना माझ्या श्रद्धेला मुरड घालावी लागत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, एकाच दिवशी, ख्रिस्ती शिक्षणाबद्दलचा आणि इतर धर्मांशी नात्याबद्दलचा असे दोन दस्तऐवज जाहीर केले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, हे त्यातल्या दुसऱ्यात लिहिलेलं आहे. कॅथलिक शाळेत शिकवताना मी दोन्ही सोबत धरते.

घरी एवढंच करा की उत्तर देताना शाळेच्या देवाला किंवा घरच्या देवाला खाली ओढू नका. मूल दिवसातले सहा तास एका ठिकाणी आणि उरलेले दुसऱ्या ठिकाणी असतं, दोन्हीकडे त्याला माणसं प्रिय असतात. घरात देवपूजा होत नसेल, तर तेही सरळ सांगा. "आम्हाला असं वाटतं, टीचरना तसं वाटतं" हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

२०. पत्रकात लिहिलेलं आणि वहीत दिसणारं जुळत नाही. कुणाला विचारू?

आधी क्लासटीचरला, कॅलेंडरमधून. वॉट्सअॅप ग्रुपवर नको. तिथे एका वहीचा प्रश्न दहा मिनिटांत अख्ख्या वर्गाचा होतो आणि मुलांपर्यंत पोहोचतो. जुळत नाही याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: पावसामुळे सुट्टी झाली, काम तोंडी घेतलं, वर्कशीट फाइलमध्ये लावलेली आहे, किंवा मुलाचं लिहून पूर्ण झालं नाही. आठवड्याने उत्तर आलं नाही तर सुपरवायझर, मग मुख्याध्यापक. भेटीला येताना पत्रक आणि वही दोन्ही सोबत आणा आणि शक्य असेल तर शाळा सुटल्यानंतरची वेळ घ्या. वर्ग चालू असताना दारात उभं राहून बोलायला आम्हाला जमत नाही, आत मुलं असतात.